चतुराबाईचं दुसरं बोलावणं

वाटूरच्या वरच्या गल्लीत कुणाकडं कार्य निघालं की पहिला चहा चतुराबाईला मिळायचा. कारण आवतन द्यायला दारोदार तीच फिरायची. आवतन दोनदा असतं. सकाळी एकदा, "आज आमच्याकडं जेवायला या." आणि स्वयंपाक झाला की दुसरं बोलावणं, "चला, पानं वाढलीत." या दुसऱ्या बोलावण्याशिवाय कुणी जागचं हलत नसे. न बोलावता जाऊन बसणारा 'वखवखलेला' म्हणून गावात गाजायचा. दोन फेऱ्यांच्या मधे चतुराबाई या घरचं त्या घरी पोचवायची. तेही फुकट, आणि थोडं वाढवून.

"वाढवून कशाला सांगता?" कुणी विचारलंच तर म्हणायची, "मीठ न्हाई टाकलं तर गिळल का कुणाला?"

मग गावात व्हॉट्सॲपचे ग्रुप आले आणि चतुराबाई घरी बसली. ग्रुपवर इतके सुप्रभात, इतके जोडलेले हात आणि इतकी गुलाबाची फुलं साचली, की आवतनं त्यात बुडू लागली. एकदा तर मयतीच्या खबरीखाली केक आला.

यावर इलाज आणला तो तिच्याच सुनेनं. शीतल पुण्याच्या कंपनीचं काम वाटूरला घरी बसून करायची. कंपनीनं नवं ॲप काढलं होतं. त्यात फोटो नाहीत, अंगठे नाहीत, पुढं पाठवणं नाही. एका घरानं दिवसाला एकच निरोप द्यायचा, बस्स.

"आत्या, पुढचा जमाना साधेपणाचा हाये," शीतल सासूला म्हणाली. "लोकं गोंगाटाला कंटाळलेत."

"गोंगाटाला? मंग जत्रंत मावंना काहून झालीत?"

"थट्टा नका करू. साऱ्या गल्लीनं घेतलंय ते. बाळाच्या जावळाचं आवतन त्याच्यावरच देऊ. आमचे साहेब बी बघायला येऊन राह्यले. तुमी आराम करा."

'आराम' हा शब्द चतुराबाईला शिवीसारखा लागला. साऱ्या गावाची आवतनं दिली, अन् आपल्याच नातवाच्या जावळाला आपण बाजेवर? दिवसाला एकच निरोप म्हणजे दुसरं बोलावणं बोंबललं, हे तिच्या तेव्हाच ध्यानात आलं होतं. पण ती बोलली नाही. येईल बराबर, 'आत्या, तुमीच जा' म्हणत येईल. ती सुपारी कातरत बसली.

जावळाच्या सकाळी शीतलनं निरोप टाकला, "आज बाळाचं जावळ. जेवायला या." साऱ्यांनी वाचला. दुपार झाली. बुंदी झाली, वांग्याची भाजी झाली, पुऱ्यांचा ढीग लागला. मांडवात पत्रावळींची रांग, आणि रांगेच्या टोकाला एकटे साहेब.

शीतलचा नवरा भागवत गल्लीत डोकावून आला. "अगं, सगळे धुतले कपडे घालून दारात बसलेत! कडूबा मामा तर मोबाईल मांडीवर घेऊन बसलेत."

"मंग येईनात काहून?"

"बोलावणं आलं न्हाई म्हणतेत."

शीतलनं झटकन फोन काढला. पडद्यावर ओळ उमटली, 'आजचा निरोप झाला. उद्या भेटू.' ही ओळ तिनंच लिहिलेली.

"जरा सूट देता येईल का?" साहेबांनी पुऱ्यांकडं बघत विचारलं.

"सर, साधेपणात सूट नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात."

बाजेवर चतुराबाईनं पदर सारखा केला, चपला पायाशी ओढल्या, घसा खाकरला. भाजीवरचा तवंग थिजत चालला होता. आता विचारलंच पाहिजे सुनेनं.

शीतलनं त्या चपला पाहिल्या आणि तिला उमगलं.

"आत्या, तुमाला ठावं होतं?"

"मला काय ठावं? मी आराम करून राह्यले."

शीतलचे कान लाल झाले. तिनं बाळाला कडेवर घेतलं आणि तशीच अनवाणी निघाली. पहिलं दार शेजारच्या वंदनाचं.

"वंदनाताई, चला, पानं वाढलीत!"

"अगंबाई, तू? सासूबाई रुसल्या का?"

"न्हाई हो. म्हणलं, तुमाला तरी मी सोता बोलवावं."

वंदनाला हे भारी गोड लागलं. शीतलनं पुढच्या दारीही तेच म्हटलं. कडूबा मामांनी मोबाईल खिशात टाकला. "कवापासून बघून राह्यलो, याच्यातून हाक कुठून येते ते." एका दारी तिला चहा घ्यावा लागला, दुसऱ्या दारी नणंदेची तक्रार ऐकावी लागली.

गल्लीतलं हसणं बाजेपर्यंत ऐकू येत होतं. चतुराबाईनं सुपारी तोंडात टाकली. ती चावली जाईना.

मांडव भरला. शीतल घामेजून बाजेपाशी आली. "आत्या, चला, पानं वाढलीत."

"घरच्याला कुठं बोलावणं असतंय?" चतुराबाईनं तोंड फिरवलं.

"मंग सांगा, जाऊ मी?"

"थांब की! हात दे."

साहेब पोटभर जेवून निघताना म्हणाले, "निरोप दोन करू."

"तीन करा," शीतल म्हणाली. "रुसलेल्यांना एक लागतो."

संध्याकाळी चतुराबाई वंदनाला सांगत होती, "मीच म्हणलं, जा बाई, शीक. आपण किती दिवस पुरणार? अनवाणी बी मीच धाडली. जरा गर्व उतरावा म्हणून."

"हाव का!" म्हणत वंदना लगबगीनं उठली. खालच्या गल्लीला हे अजून कळायचं होतं.

शीतल आत भांडी लावत होती. तिनं सारं ऐकलं आणि सासूची गोष्ट मोडू नये म्हणून पातेलं जरा हळू ठेवलं.