परत उचललेली जुडी

उनाइसीच्या पणज्याला गोऱ्यांनी सॉलोमन बेटांवरून जहाजात घालून फिजीत आणलं, ते नारळ लावायला. त्याने लावले, आज्याने सोलले, बापाने फोडले आणि उनाइसीने जन्मभर धुरात बसून खोबरं वाळवलं. खोबऱ्याचा भाव पडला तसे मालक मळा विकून चालते झाले. चार पिढ्या राबलेल्या वस्तीच्या हाती आली करवंटी.

नव्या धन्याने समुद्रालगत पर्यटकांसाठी बंगले उठवले. गुळगुळीत रस्ता आला, विजेचे खांब आले. सरकारी माणसं म्हणाली, विकास आला. आला खरा, पण बंगल्यांच्या फाटकाशीच थबकला. तारा वस्तीच्या डोक्यावरून गेल्या आणि खाली उनाइसी अजून रॉकेलचा दिवा लावते. याला विकास म्हणणाऱ्याची जीभ झडो.

तिचं पोट आता खेकड्यांवर. ओहोटीला मळ्यातल्या पायवाटेने किनाऱ्यावर उतरायचं, खेकडे धरायचे, बाजारात विकायचे.

मग बंगल्यांचा मॅनेजर यंगोनाच्या मुळांची जुडी घेऊन वस्तीत आला. आमच्याकडे पाहुण्याने जुडी पुढे ठेवायची, यजमानांनी टाळ्या वाजवून ती घ्यायची, मुळं कुटून, पाण्यात कालवून सगळ्यांनी मिळून प्यायची. मग पाहुणा घरचा होतो आणि घरच्याने घराचं वाईट करायचं नसतं. वस्तीतला वडीलधारा आपेनिसा, त्याने जुडी घेतली. मॅनेजरने फोटो काढले. महिन्याभरात पायवाटेवर कुंपण पडलं.

"तुम्हीच टाळ्या वाजवून होकार दिलात की," मॅनेजर म्हणाला.

"तुमच्या येण्याला दिला," आपेनिसा म्हणाला. "वाट बंद करायला नाही."

बायका डोंगराला वळसा घालून जायच्या, तोवर भरती लागायची. रिकाम्या टोपल्या घेऊन परत.

उनाइसीला वाटलं, रीतीने आलेल्याला रीतीनेच सांगावं. स्वतःच्या मयतासाठी राखलेली यंगोनाची मुळं तिने बांधली आणि टोपली घेऊन फाटक गाठलं. पहाऱ्यावर तिचा भाचा इलायसा. पाहुण्यांना आवडतं म्हणून कानामागे फूल.

"आत्या, कशाला आलीस? माझी नोकरी घालवशील."

"तुझ्या पोटावर पाय नाही देत, बाबा. बोलाव तुझ्या साहेबाला."

मॅनेजर आला. उनाइसी डांबरावर मांडी घालून बसली आणि जुडी पुढे ठेवली. "वाट मागायला आलेय. तुम्ही आलात तेव्हा आम्ही तुम्हाला दारातून परत नव्हतं पाठवलं."

"वा, झकास मुळं आहेत," मॅनेजर हसला. "इलायसा, आत घे. संध्याकाळी पाहुण्यांच्या नाचगाण्याला होतील."

"आणि वाट?"

"ते वरच्यांना विचारावं लागेल, आजी."

इलायसा वाकला, पण त्याआधी उनाइसीनेच जुडी उचलली. ठेवलेली जुडी कोणी परत उचललेली आमच्या बेटावर कोणी पाहिलेली नाही. इलायसाच्या तोंडचं पाणी पळालं. मॅनेजरला काहीच कळलं नाही; त्याला कशाला कळेल?

"आत्या, ठेव ती खाली. असं करू नये."

"ठेवली होती. घेणारा माणूस निघाला नाही. आता मी पाहुणी नाही आणि हा आपला घरचा नाही. दार सोड."

इलायसाने कानामागचं फूल काढून खिशात घातलं आणि तो बाजूला झाला. टोपली काखोटीला मारून उनाइसी हिरवळीवरून, खुर्च्यांवर पहुडलेल्या पाहुण्यांमधून नीट किनाऱ्याकडे निघाली. मागून मॅनेजर ओरडत होता. पण ओहोटी लागली होती आणि तिला खेकडे धरायचे होते.