माझ्या वाट्याचे चार डाव

दुसऱ्याच्या घामात भिजून वाळलेलं आणि पुन्हा भिजलेलं हेल्मेट डोक्यात घालताना आधी कान दुमडतात. मग ते ओढून खाली घेतलं की आतला फोम गालांना चिकटतो आणि आठवडाभर बंद राहिलेल्या डब्यासारखा वास नाकात जातो. संघाच्या मॅनेजरने ते माझ्या हातात दिलं तेव्हा ते ओलं होतं. "अभी अभी निकाला है उसने," तो म्हणाला, जणू ताजं असल्याची हमीच देत होता.

मी त्रेचाळीस वर्षांचा. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका बाटल्यांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. झाकण गळतंय का, तळ नीट बसलाय का, हे बघण्यात माझा दिवस जातो. करामा भागात बायको आणि दहा वर्षांच्या मुलीबरोबर राहतो. इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकात दर वर्षी एक हलकाफुलका लेख लिहितो आणि तेवढ्यावर स्वतःला लेखक समजतो. गेल्या वर्षी संपादक बाईंचा फोन आला. "या वेळी मॉलमधल्या गमती नकोत हं," त्या म्हणाल्या. "काहीतरी स्वतः करून बघा आणि मग लिहा."

आमच्या बाटल्या ज्या अमेरिकन फुटबॉल संघाला जात, त्याच्या मॅनेजरला आमच्या सेल्समधला एक जण ओळखत होता. हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू काखेत धरून पळायचं आणि पळणाऱ्याला आडवं करायचं, हा तो खेळ. संघात सहा-सात अमेरिकन खेळाडू पगारावर आणलेले होते, बाकीचे हौसेने येणारे. मी लेख लिहीन, त्यात संघाचं कौतुक करीन, आणि त्या बदल्यात सहा आठवडे सराव करून मला एका सामन्यात चार डाव खेळायला मिळतील, असं ठरलं.

सराव शनिवारी-रविवारी सकाळी सहाला. मैदानाला सांडपाणी शुद्ध करून घालतात. ते कितीही शुद्ध केलं तरी उन्हं वर आली की गवतातून गटाराची वाफ येते, आणि तुम्ही त्या गवतावर तोंड दाबून पडलेले असता. कपडे बदलायला एक कंटेनर होता. त्यात चाळीस माणसांचे मोजे, पट्ट्या, मलमं, पायांना बांधून सोडलेल्या टेपचे केसाळ गोळे. मी दारातच थबकलो होतो. खांद्यांवर घालायचं ते कडक प्लास्टिकचं चिलखत मला काही चढेना. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "भाई, हात वर करा. पट्टा मी लावतो."

वळून पाहिलं तर दरवाजाएवढा माणूस.

"तुम्हाला कसं कळलं मी मराठी?" मी विचारलं.

"आत आल्या आल्या 'शी' म्हणालात ना."

तो श्रीवर्धनकडचा, एकतीस वर्षांचा. फुजैऱ्याच्या बंदरात जहाजांना तेल भरायचे पाईप जोडण्याचं काम करायचा. बायको आणि दोन वर्षांची मुलगी तिथेच. दर शनिवारी पहाटे नमाज पढून गाडी काढायचा आणि दीड तासाने मैदानावर हजर. गावी कबड्डी खेळायचा. "हीसुद्धा कबड्डीच आहे," तो म्हणाला. "फक्त कपडे जास्त." पुढच्या सहा आठवड्यांत पाय कुठे रोवायचे, पडताना मान कशी सांभाळायची, हे त्यानेच मला शिकवलं. बायकोने दिलेली सांदणं तो डब्यातून आणायचा आणि अर्धी माझ्या हातावर ठेवायचा. त्या कंटेनरमध्ये मी खाऊ शकलो अशी ती एकच गोष्ट.

बाकी सगळ्याची मला किळस यायची. कोच अमेरिकन होता. तोंडात सूर्यफुलाच्या बिया धरून तो दिवसभर टरफलं थुंकायचा, बहुतेक वेळा समोरच्याच्या बुटाजवळ. हौशी खेळाडूंना तो 'मीट' म्हणायचा. मी 'फ्रेश मीट'. एक सराव असा होता की दोघांनी डोक्याला डोकं लावून पाठीवर झोपायचं, शिटी वाजली की उठून एकमेकांवर आदळायचं आणि बाकीच्यांनी गोल करून ओरडायचं. पहिल्या दिवशी मी मान फिरवली. तिसऱ्या आठवड्यात मीही ओरडत होतो. कोणी तोंडावर आपटला की आतून बरं वाटायचं. घरी येऊन हे वहीत लिहिताना स्वतःचाच राग यायचा, पण वाक्य चांगलं जमलं म्हणून ते तसंच ठेवायचो.

दातांत धरायचं रबर गरम पाण्यात मऊ करून चावायचं असतं. ते मी चहाच्या पातेल्यात उकळलं. बायको म्हणाली, "ते पातेलं आता माझ्या ओट्यावर नको." मुलीने मला चिलखतात पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, यू लुक लाइक अ फ्रिज."

सामना होता अबू धाबीच्या एका संघाशी, सरावापुरता. बायको आणि मुलगीही बघायला आल्या होत्या. मला शेवटी शेवटी उतरवणार होते, क्वार्टरबॅक म्हणून. म्हणजे प्रत्येक डावात चेंडू आधी ज्याच्या हातात येतो तो. त्याच्या समोर पाच दांडगी माणसं भिंत करून उभी राहतात, त्याला कोणी चिरडू नये म्हणून. त्या पाचांत, माझ्या डाव्या हाताला, हा श्रीवर्धनचा.

मी उतरण्याआधी दहा-पंधरा मिनिटांची गोष्ट. त्याची आणि समोरच्या एकाची टक्कर झाली. दोन कुकर एकमेकांवर आपटावेत तसा आवाज आला. तो पडला, थोडा वेळ गुडघ्यांवर राहिला आणि उठला. कोच आत गेला. "यू गुड?" "यस कोच." कोचने टरफल थुंकलं आणि त्याला बाकावर पाठवलं. तो माझ्या शेजारी येऊन बसला. पाणी प्यायला लागला तर अर्धं पाणी खालच्या ओठावरून गळत होतं आणि त्याला ते कळत नव्हतं.

"भाई," तो म्हणाला, "बोट किती वाजता लागणार?"

"कुठली बोट?"

"पाईप जोडायचाय ना. आपलीच शिफ्ट आहे."

तो चेष्टा करतोय असं वाटून मी हसलो. तो हसला नाही. शांतपणे माझ्याकडे बघत राहिला. मिनिटभराने त्याच आवाजात, तेच शब्द: "भाई, बोट किती वाजता लागणार?"

तेव्हा मला कळलं. याबद्दल मला सबब सांगता येत नाही, कारण मला पक्कं कळलं होतं. त्या बाकावर मराठी समजणारा मी एकटा होतो. कोच पंधरा पावलांवर उभा होता. मी उठलो असतो, 'हा काहीतरी भलतंच बोलतोय' एवढं म्हणालो असतो, तर त्याला आत पाठवलं नसतं. पण मग गडबड झाली असती, सामना थांबला असता, कदाचित माझे डाव गेले असते. सहा आठवडे मी ती घाण सोसली होती. लेखाचं नावसुद्धा ठरलं होतं.

"यल्ला, रायटर," कोच ओरडला. "योर फोर प्लेज."

मी उठलो. माझ्या मागोमाग तोही उठला, सवयीने, हेल्मेट चढवत. मी त्याला थांब म्हणालो नाही. चारच डाव, पाच मिनिटं, असं मनाशी म्हणालो.

पहिल्या डावात चेंडू माझ्या हातातून निसटला आणि मी त्यावरच पडलो. दुसऱ्यात तो एका अमेरिकनाच्या पोटात खुपसून मी बाजूला पळालो. तो आठ-दहा पावलं पुढे गेला आणि आमच्या बाकावरून टाळ्या वाजल्या. मुलीचाही आवाज ऐकू आला. खोटं कशाला, त्या क्षणी मला फार आनंद झाला.

तिसऱ्या डावाला चेंडू माझ्या हातात आला तेव्हा डावीकडची भिंत उभीच होती, पण तिचं तोंड दुसरीकडे होतं. तो मैदानाच्या कुंपणापलीकडे कुठेतरी बघत होता, हात खाली सोडून. समोरचा गडी सरळ धावत आला, त्याच्या डोक्यावर आदळला आणि त्याच्यासकट माझ्यावर. आम्ही तिघं खाली. वरचा उठला. हा माझ्या छातीवर पडून राहिला आणि हेल्मेटच्या जाळीतून ओकला. गरम, आंबट, माझ्या गळ्यावर, जर्सीच्या आत. त्यात सांदणाचे कण होते.

मी सगळ्यात आधी काय केलं, तर त्याला ढकललं. दोन्ही हातांनी, जोरात, अंगावरची पाल झटकावी तसं. तो कुशीवर घरंगळला. नंतर मी गुडघ्यावर बसून त्याला हाक मारली, तोवर बाकीचे धावत आले होते.

कोच वाकला. मी त्याला इंग्रजीत सांगितलं की हा मघापासून भलतंच बोलतोय, आपण बंदरावर आहोत असं त्याला वाटतंय.

"मघापासून म्हणजे कधी?"

"बाकावर होतो तेव्हा."

"बिफोर योर प्लेज?"

मी होकारार्थी मान हलवली. तो माझ्याकडे बघत राहिला. तोंडातलं टरफल तोंडातच राहिलं. त्या सहा आठवड्यांत मी ज्या नजरेने त्याच्याकडे बघत होतो, तीच नजर होती ती. त्यानेही 'यू गुड' एवढ्यावर भागवलं होतं, हे मला तेव्हा सुचलं, आणि म्हणावंसंही वाटलं. पण त्याला मराठी येत नव्हतं, मला येत होतं.

अँब्युलन्स आली. त्याची भाषा कळणारा म्हणून मला आत बसवलं. तो डोळे मिटून होता. मधूनच बायकोचं नाव घ्यायचा. माझ्या गळ्यावर ओकारी वाळून कातडी ताणली जात होती आणि मला ती पुसायचा धीर होईना. हॉस्पिटलात एक मल्याळी डॉक्टर बाई होत्या. त्यांनी हिंदीत विचारलं, "असं बोलणं कधी सुरू झालं?"

"पहिल्या टकरीनंतर."

"मग पुन्हा खेळायला का पाठवलं?"

"किसी को पता नहीं चला," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतलं.

डोक्यात रक्तस्राव नव्हता. दोन दिवसांनी त्याला सोडलं. पण पुढे दोन-अडीच महिने त्याचं डोकं दुखत राहिलं. उजेड सहन होत नसे, मुलगी रडली की तो दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावायचा. जेटीवर उभं राहण्याचं काम बंद झालं. कंपनीने त्याला ऑफिसात बसवून कागद तपासायला दिले. हे सगळं मला त्याच्या बायकोकडून फोनवर कळायचं. ती माझे आभार मानायची, कारण हॉस्पिटलात मी थांबलो होतो.

दरम्यान मी लेख लिहिला. एका बैठकीत. त्यात हेल्मेटचा वास होता, चहाचं पातेलं होतं, फ्रिज होता. तिसऱ्या डावात माझ्यावर एक डोंगर कोसळला आणि माझी कारकीर्द संपली, असं लिहून मी तो संपवला. संपादक बाईंना फार आवडला. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात लोक हाताला धरून म्हणत होते, "डोंगर मस्त होता हो." मी हसत होतो आणि चकली खात होतो.

मुलीला मराठी वाचता येत नाही, म्हणून घरी मी तिला लेख वाचून दाखवला. ती हसली. मग म्हणाली, "बट बाबा, व्हेअर इज द अंकल हू फेल?"

"तो बरा आहे."

"आय मीन इन द स्टोरी."

बायको भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला.

पुढच्या शुक्रवारी दुपारनंतर मी फुजैऱ्याला गेलो. तो बारीक झाला होता. खोलीचे पडदे ओढलेले होते. मी चहा घेतला आणि मग सांगितलं. बोटीचं, दोनदा विचारल्याचं, पंधरा पावलांचं, डॉक्टरांना काय म्हणालो त्याचं. ढकलल्याचंही सांगितलं.

तो टीपॉयच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"मला त्यातलं काहीच आठवत नाही, भाई," तो म्हणाला. "पाणी प्यायल्याचंसुद्धा नाही. मी समजत होतो, माझंच नशीब."

"माफ कर."

"करतो की. पण तुम्ही हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. आता मला रोज आठवणार. आणि तुमचं मात्र हलकं झालं."

मी माझं हलकं झालं नाही असं म्हणणार होतो, पण जरा झालं होतं.

आतून त्याच्या बायकोने विचारलं, जेवायला थांबताय ना, मासे केलेत. तो म्हणाला, "थांबतायत." मी थांबलो. तो माझ्या ताटात वाढत होता; दुसऱ्यांदा वाढताना त्याने मला विचारलंही नाही, आणि तो माझ्याकडे बघतही नव्हता. त्याची मुलगी माझ्या चपलांशी खेळत होती. जेवण चांगलं होतं.

रमजान संपता संपता तो पुन्हा जेटीवर गेला. खेळ सोडला. ईदला त्याचा मेसेज आला, चंद्राच्या चित्राचा, सगळ्यांना पाठवतात तसला. मी उत्तर दिलं. त्यापलीकडे आमचं बोलणं होत नाही.

संपादक बाईंना मी कळवलंय की यंदा विनोदी लेख देणार नाही. त्या म्हणाल्या, "अहो, असं कसं? लोक वाट बघतायत."