खण-नारळ आणि अठरा किलोमीटर

मिरजेच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढण्यात माझी तीस वर्षं गेली. लोकांची हाडं पाहता पाहता आपली गंजली, असं वाटून निवृत्तीनंतर मी सायकल घेतली. बायको म्हणाली, उतारवयात चढाची हौस. तिचं खोटं नव्हतं. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मी सकाळच्या गाडीत सायकल चढवली, कऱ्हाडला उतरलो आणि पाटणच्या बाजूच्या डोंगरांकडे निघालो. तिथल्या एका धरणाला वळसा घालणारा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता आहे आणि त्यावर वाहन म्हणून दिसत नाही, असं ऐकलं होतं. धरणाचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे लोकांच्या घरातल्या गोष्टी येणार आहेत.

रात्र पाटणला काढून दुसऱ्या दिवशी सकाळी आठला धरणाच्या भिंतीजवळच्या टपरीवर पोहोचलो. एसटी इथवरच येते. चहा घेताना रस्ता विचारला, तेव्हा तिघांनी तीन उत्तरं दिली. एक म्हणाला, रस्ता आहे. दुसरा म्हणाला, होता. तिसऱ्याने सांगितलं की पावसाळ्यात दरड कोसळल्यापासून जीप जात नाही आणि गावची लाँच दुरुस्तीला काढली आहे, पण सायकल खांद्यावर घेणाऱ्याला कोण अडवणार? ऐकावं जनाचं, करावं मनाचं, असं म्हणून मी टांग मारली.

रस्ता मात्र सुरेख होता. डाव्या हाताला काठोकाठ भरलेलं पाणी, उजवीकडे उतारावर पिकलेलं भात, मधे सोनकीची उरलीसुरली पिवळी फुलं. तासभरात एकही गाडी भेटली नाही. एक म्हैस तेवढी रस्त्याच्या मधोमध बसलेली, तिने मलाच बाजूने जायला लावलं. पण आपण कुठे आहोत हे काही कळेना. मोबाईलचा नकाशा मला सरळ पाण्यात दाखवत होता. मैलाचे दगड जुन्या रस्त्याचे होते. त्यांच्यावरचा आकडा एका गावाचं अंतर सांगत होता आणि ते गाव तर धरणाखाली गेलेलं. मी त्या गावाच्या जवळ जवळ चाललो होतो, एवढंच दगडांचं म्हणणं होतं.

नऊ किलोमीटरवर पाच-सहा घरांची वाडी लागली. पहिल्याच अंगणात एक म्हातारे गृहस्थ भाताच्या पेंढ्या रचत होते. पाणी मागितलं, तर त्यांनी आधी बसायला घोंगडं टाकलं. कुठून, कुठे, असं झाल्यावर मी म्हणालो, "धरणाला फेरी मारतोय."

"कशापायी?" त्यांनी विचारलं.

मी नुसतं सायकलकडे बोट दाखवलं. त्यांनीही ताणलं नाही. समोर पाण्याचा एक चिंचोळा फुगवटा (धरणाचं मागे दरीत शिरलेलं पाणी) होता. त्याच्या पलीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "त्यो तांबडा पत्रा दिसतोय का? लेक दिलीया तितं माझी. मंगल. तीन वरसं झाली, आली न्हाई."

पत्रा इतका जवळ होता की हाक मारली तर ऐकू जावी. मी विचारलं, का आली नाही? म्हातारे पेंढ्यांकडे वळले. उत्तर घरातून आलं. आत खाटेवर त्यांच्या मालकीण पडून होत्या. श्रावणात अंगणात घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण अजून पाय टेकवत नव्हता. त्यांनी सगळं सांगितलं. मंगलच्या दिराच्या लग्नात तिच्या बापाला टॉवेल-टोपीचा मान द्यायचा राहिला, बाप भरल्या ताटावरून उठून आला आणि पुन्हा त्या उंबऱ्याला पाय लावणार नाही म्हणाला. तिकडच्यांनी सांगितलं, माहेरचं माणूस रीतीने न्यायला आल्याशिवाय सून पाठवणार नाही. भाऊ नाही, जावई फौजेत, दूर आसामात. दोन्हीकडे मान मोठा आणि मधे मायलेकी अडकलेल्या. फोनवर बोलत, पण फोनवर तोंड दिसतं, हात लागत नाही, असं त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. मला गलबलून आलं.

मग त्यांनी शेजारणीला बोलावून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. पाणी पिऊन मी उठलो, तेव्हा म्हाताऱ्यांनी माझ्या हातात एक फडक्यात बांधलेलं गाठोडं दिलं. त्या रस्त्याने जाणाऱ्याने पलीकडचं सामान न्यायचं असतं, अशी तिकडे पद्धत आहे. "खायाचं हाय कायतरी," ते म्हणाले. "हिनं दिलंय. दारात द्या अन् फुडं जावा." आतून मालकिणीने मला दाराशी बोलावलं आणि आवाज खाली आणून बजावलं, "आवं पावनं, नुसतं दारात दिऊ नगा. आत बसा, जेवा. अन् काय इचारलं तर व्हय म्हना."

मी हो म्हणालो. भीड भिकेची बहीण, दुसरं काय?

हाकेच्या अंतरावरचं ते घर रस्त्याने अठरा किलोमीटर निघालं. फुगवटा दरीत आत आत शिरत गेला होता आणि रस्ता त्याच्या मागे मागे. तांबडा पत्रा कधी समोर, कधी पाठीमागे, एकदा तर चक्क उजव्या हाताला. ज्या घराकडे चाललो, त्याच्याकडे पाठ करून मी पाऊण तास पायडल मारत होतो. फुगवट्याच्या टोकाला दरड आली. तिथे सायकल खांद्यावर घेऊन दगडांवरून उतरताना गुडघा फुटला आणि गाठोडं निसटलं. आत काहीतरी घट्ट, गोल असं होतं. खायचं म्हणजे लाडू-बिडू असतील असं मला वाटत होतं, पण एवढा मोठा लाडू कोण करतं?

बाराच्या सुमाराला त्या घरी पोहोचलो. दारात मंगलच्या सासूबाई नाचणी पाखडत होत्या. करारी बाई. मी मिरजेहून आलो, पलीकडच्या वाडीवरून हे दिलंय, असं सांगून गाठोडं पुढे केलं. त्यांनी गाठ सोडली. आत नारळ, हिरवा खण, हळदकुंकवाच्या पुड्या आणि वर एक सुपारी. बाईंनी सुपारीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उठून आत गेल्या. मला वाटलं, काहीतरी चुकलं.

पण त्या तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या पायांवर पाणी घातलं. सासरे शेतातून धावत आले. मला पाटावर बसवलं, डोक्यावरचं हेल्मेट उतरवून पांढरी टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. आत चुलीवर डाळ शिजायला पडली. मी नको नको म्हणतोय आणि ते त्याला माझा नम्रपणा समजताहेत. शेजारची एक बाई दारातून डोकावून दुसरीला म्हणाली, "मंगलचा मुराळी आला, सायकलवर." मुराळी म्हणजे खण-नारळ-सुपारी घेऊन लेकीला सासरहून माहेरी न्यायला आलेला माणूस, बहुधा भाऊ. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पडताच मी घाबरलो. खरं सांगावं तर हातातोंडाशी आलेलं त्या पोरीचं माहेर जाणार. गप्प बसावं तर परक्याच्या घरात टोपी घालून खोटेपणा करतोय.

तेवढ्यात सासूबाईंनी तो प्रश्न विचारलाच. "पावनं, तुमी मंगलचं कोन?"

काय विचारलं तर व्हय म्हणा, असं सांगितलं होतं. पण याला व्हय कसं म्हणायचं? स्वयंपाकघराच्या दारात एक तिशीची बाई येऊन उभी होती. आम्ही एकमेकांना जन्मात पाहिलं नव्हतं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "दादा हायत. मिरजंचं."

सासूबाईंनी गाठोड्याचं फडकं घडी करून ठेवलं. त्यांना पटलं की नाही, मला आजही ठाऊक नाही. मग म्हणाल्या, "कोन का असंना, आलं न्हवं न्यायला. आमाला तेवढंच पायजे हुतं." पुरणपोळी आणि कटाची आमटी (पुरणाच्या पाण्याची आमटी) मी अपराध्यासारखा जेवलो. तरी चार पोळ्या गेल्या.

नेणार कसं, हा प्रश्न मलाच पडला होता. मंगलने नणंदेची शाळेत असताना मिळालेली सायकल गोठ्यातून काढली, पिशवी हँडलला अडकवली, साडीचा काचा मारला आणि निघालीसुद्धा. धरणाची माझी फेरी निम्म्यावर राहिली आणि मी आल्या वाटेने परत, तेही तिच्या मागे. चढावर ती पुढे, मी धापा टाकत. दरडीपाशी तिने आपली सायकल पलीकडे ठेवली, मग परत येऊन माझीही नेली. तिथे तिने विचारलं, "दादा, तुमी खरं कोन?" मी एक्स-रेपासून सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "नारळावर सुपारी बगितली. म्हनलं, आयनं कुनाला तरी धाडलंय. मग त्यो भाऊच."

ऊन उतरताना आम्ही वाडीत शिरलो. म्हातारे अंगणातच होते. लेकीला पाहून हातातली पेंढी तशीच राहिली. मंगलने सायकल तिथेच टाकली आणि आत धावली. आतून मायलेकींच्या रडण्याचा आवाज आला. म्हाताऱ्यांनी मला टोपीसकट वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हिला बोलावलं कुनी?" त्यांनी विचारलं. "म्या तर मुराळी धाडला न्हवता."

"म्या धाडला," आतून मालकीण म्हणाल्या. "खण-नारळ बांदला, सुपारी घातली. तुमच्याच हातानं पावन्याला दिला न्हवं."

म्हाताऱ्यांनी हातातली पेंढी खाली टाकली. आता हे चिडणार, असं वाटून मी सायकल वळवून ठेवली. पण ते वाकले, मंगलची पडलेली सायकल उचलून स्टँडला लावली, आणि सदऱ्याच्या बाहीने तिची सीट पुसली. मग मला म्हणाले, "तितं मानपान केला का तुमचा?" मी टोपीवर हात ठेवला. "मग बास," ते म्हणाले आणि घरात गेले.

मिरजेला आल्यावर बायकोने विचारलं, फेरी पुरी झाली का? झाली की नाही, हे मला सांगता येईना. नकाशावर तरी नाही. सगळी हकीकत ऐकून ती इतकी हसली, की मला राग आला.

दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर मंगलच्या सासूबाईंनी तिच्याकडून नंबर घेऊन फोन केला. मुराळ्यानं नेली, तर मुराळ्यानंच आणून सोडायची, अशी आमच्यात रीत आहे, असं त्यांनी ऐकवलं. लाँच सुरू झालीय, पण तुमी सायकलनं या, असंही म्हणाल्या. त्यात चिडवणं किती होतं आणि खरं किती, याचा मला उलगडा झालेला नाही. मला सख्खी बहीण नाही. भाऊबीजेला लहानपणापासून मी दुसऱ्यांच्या बहिणी ओवाळताना बघणारा मुलगा. बायको आता हसत नाही. लेक सासरी निघताना बोळवण करावी लागते, भावाने रिकाम्या हाताने उभं राहायचं नसतं, असं म्हणून तिने काल बाजारातून एक साडी आणली. कोणत्या रंगाची आणू, असं तिने मला फोनवर विचारलं होतं. मंगलला कोणता रंग आवडतो हे मला माहीत नव्हतं, आणि दिवसभर त्याचं मला फार वाईट वाटत राहिलं.