ताई आणि मॅडम

यमुना कुणाच्याही दारात गेली की आधी हाताला काम शोधायची. समोरची बाई मेथी निवडत असेल तर ही खाली बसून अर्धी जुडी स्वतःपुढे ओढायची. कुणी गोधडीला टाके घालत असेल तर दुसरं टोक धरायची. पहिली दहा मिनिटं एकही प्रश्न नाही. मी शेजारी उभी, हातात टॅब, त्यावर लांबलचक फॉर्म उघडलेला. मी घड्याळाकडे बघायला लागले की ती खालूनच म्हणायची, "कागद नंतर भरू गं. आधी बसू तर दे."

आम्ही दोघी एका संस्थेच्या दोन वर्षांच्या फेलोशिपमध्ये होतो. नुकतंच शिक्षण संपवलेल्या डॉक्टर-नर्सेसना घ्यायचं आणि जिथे दवाखाना असूनही पोचत नाही अशा वस्तीत पाठवायचं, असं तिचं स्वरूप. मी दातांची डॉक्टर. कॉलेज रोडला वाढलेली, इंग्रजी शाळेतली. पहिल्या दिवशीची माझी ओळख पाच मिनिटं चालली. त्यात 'आरोग्यातली समता' हे शब्द मी तीनदा वापरले. मग यमुना उभी राहिली. "मी यमुना भोये. पेठच्या पुढे आमचं गाव. नर्सिंग केलंय. माझं बोलणं हळू हाय, सांभाळून घ्या." एवढं बोलून बसली. मला वाटलं, राखीव जागेवरून आली असेल. हा विचार तेव्हा माझ्या मनात आला होता आणि आता तो लपवण्यात अर्थ नाही. समता हा शब्द उच्चारून मला पुरता अर्धा तासही झाला नव्हता.

आमच्या वाट्याला सातपूरच्या कारखान्यांमागची एक वस्ती आली. पेठ, सुरगाण्याकडून आलेली माणसं तिथे राहायची आणि कंत्राटावर कामाला जायची. पुरुष माल चढवायला-उतरवायला, बायका लहान वर्कशॉपमध्ये पॅकिंगला. माझ्या स्कूटरवर आम्ही रोज जायचो. मी चालवायची, ती मागे. पंधरा दिवसांत वस्तीनं आमची नावं ठरवली. ती ताई, मी मॅडम.

सुरुवातीला मला त्याचं काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. पण दोन महिन्यांनी मी गल्लीत शिरले की बायका माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागल्या. "ताई नाय आली?" एकदा यमुनाला ताप होता आणि मी एकटी गेले. त्या दिवशी मी मुद्दाम खाली बसले आणि एका आजींच्या पुढची मेथी ओढली. त्यांनी ती हळूच काढून घेतली. "राहू द्या मॅडम, कपडे खराब व्हतील." त्या मायेनंच म्हणाल्या. पण घरी येऊन मी जेवले नाही.

माझे फॉर्म तिच्या दुप्पट भरून व्हायचे. लसीकरणाला मुलं का येत नाहीत, यावर मी सगळ्यांच्या आधी निष्कर्ष काढला: पालकांमध्ये जागरूकता नाही. आमचे मार्गदर्शक डॉक्टर, त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, त्यांनी तो वाचला आणि यमुनाला विचारलं, "तुझं काय मत?"

"मला नीट सांगता येत नाही सर. पण तिथं चला, दाखवते."

ते गेले. मीही गेले. नाल्याच्या पलीकडे एक गल्ली होती. मी तिथे कधी पाय टाकला नव्हता, कारण माझ्या यादीत ती नव्हती. अलीकडे घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविकेला, म्हणजे आशाताईंना वाटायचं ती गल्ली पलीकडच्या आशाताईंकडे आहे, आणि पलीकडच्यांना वाटायचं अलीकडच्यांकडे. कुणाच्याच यादीत ती नव्हती. शिवाय लस सकाळी दहाला, आणि बायका आठच्या शिफ्टला साडेसातलाच घर सोडायच्या. यमुनाला हे कसं कळलं? नाल्याशी धुणं पिळायला मदत करताना पलीकडच्या बाईनं सांगितलं. जागरूकता सगळ्यांना होती. त्यांच्याकडे जायचं कुणी, हे तेवढं ठरलेलं नव्हतं. पुढे त्या गल्लीतच, बुधवारी सकाळी सातला लसीकरण सुरू झालं.

वर्षाअखेरच्या सादरीकरणात त्या गल्लीचा नकाशा मी केला आणि तो मीच मांडला. "आम्हाला असं आढळलं," असं म्हणत राहिले. 'आम्ही' हा शब्द फार सोयीचा असतो. पाहुण्यांनी माझं कौतुक केलं. यमुना मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. परत येताना स्कूटरवर म्हणाली, "नकाशा छान झाला. मला नसता जमला." तिच्या आवाजात मी टोमणा शोधला. तो सापडला असता तर मला हलकं वाटलं असतं.

पण खरा काटा रुतला तो घरी. यमुना एकदा आमच्याकडे जेवायला आली होती. सवयीप्रमाणे ती आईबरोबर ओट्याशी गवार मोडायला उभी राहिली. ती गेल्यावर आई म्हणाली, "उद्यापासून मी बीपीची गोळी परत सुरू करते. यमुनाला सांगितलंय तसं." आईनं चार महिन्यांपासून गोळी बंद केली होती आणि मला पत्ता नव्हता. घरात डॉक्टर मी. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? आई शांतपणे म्हणाली, "तू भाषण दिलं असतंस." त्या दिवसापासून यमुनानं फोडणी घातलेला वरणभातही मला गोड लागला नसता.

लता त्या नाल्यापलीकडच्या गल्लीतली. एकवीस वर्षांची, पहिलं बाळंतपण, आठवा महिना लागलेला, तरी अंबडला पॅकिंगच्या कामाला जायची. पायांना सूज होती, रक्तदाब चढता होता. यमुना तिच्याकडे दोन दिवसांआड जायची. अशातच यमुनाच्या भावाचं लग्न निघालं. शनिवारी गावी निघताना ती मला म्हणाली, "मंगळवारी लताकडे जाऊन ये. बीपी बघ. जास्त असेल तर तिथनंच सिव्हिलला घेऊन जा. नवरा शिफ्टला असतो, ती एकटी जायची नाय. नक्की जाशील ना?"

मी नक्की म्हटलं.

सोमवारी सरांनी ऑफिसात सांगितलं की दिल्लीच्या बैठकीत आपल्या कामाबद्दल बोलायला एका फेलोला बोलावलंय आणि त्यांनी यमुनाचं नाव कळवलंय. "तिला हिंदीत बोलायला सांगू," ते म्हणाले. "तू तिला तयारी करायला मदत करशील."

मंगळवारी सकाळी बीपीचं मशीन माझ्या पिशवीत होतं. स्कूटरला किल्ली लावलेली होती. सातपूरकडे वळायच्या ऐवजी मी ऑफिसला गेले. तिमाही अहवाल बाकी होता, हे खरं होतं. पण तो गुरुवारी दिला असता तरी चाललं असतं, हेही खरं होतं. दिवसभर मी आलेखांचे रंग बदलत बसले. मनात एकच वाक्य फिरत होतं: तिची लता आहे, तिनं बघावं. बुधवारीही गेले नाही, कारण मंगळवारी का नाही आलात, हे कुणी विचारलं असतं.

गुरुवारी सकाळी लताला घरात झटके आले. शेजारणीनं रिक्षा थांबवून तिला सिव्हिलला नेलं आणि फोन केला तो यमुनाला. पेठच्या पुढच्या गावात, लग्नाच्या मांडवात. मी लताच्या घरापासून वीस मिनिटांवर होते. यमुनाचा फोन मला आला तेव्हा मागे वाजंत्री वाजत होती.

"लताला झटके आलेत. डॉक्टर विचारतायत, आधी बीपी किती होतं. मंगळवारी किती भरलं?"

मी म्हणाले, "एकशे चाळीस, नव्वद." आणि तिनं पुढे काही विचारायच्या आत मीच जोडलं, "मी तिला जा म्हटलं होतं दवाखान्यात. ती नाही म्हणाली."

हे दोन्ही माझ्या तोंडातून इतक्या सहज कसं निघालं, ते मला आजही कळत नाही. कदाचित अशी वाक्यं आमच्या कामात तयारच असतात म्हणून. रुग्णाला सांगितलं होतं, रुग्णानं ऐकलं नाही.

मी सिव्हिलला पोचले तेव्हा लताला शस्त्रक्रियेला नेलं होतं. मुलगी झाली. फार लहान, वजन कमी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. लता दीड दिवस शुद्धीवर आली नाही. यमुना दुपारी जीपनं आली. हळदीतून उठून आलेली, कोपरापर्यंत पिवळे हात, लग्नाचं लुगडं. लताच्या नवऱ्याशेजारी जाऊन भिंतीला टेकून बसली.

प्रसंगाचा अहवाल मला लिहायचा होता. मी लिहिला. 'सल्ला देऊनही रुग्ण रुग्णालयात गेली नाही.' यमुनानं तो वाचला आणि परत दिला. "लता अशी नाय," एवढंच म्हणाली.

शनिवारी लता बोलायला लागली. संध्याकाळच्या सुमारास यमुना वॉर्डातून बाहेर आली आणि माझ्या बाकावर बसली.

"तू गेली नव्हतीस."

मी रडायला लागले. मग सगळं सांगून टाकलं. दिल्ली, नकाशा, आईची गोळी, ताई आणि मॅडम. मला वाटत होतं, एवढं प्रांजळपणे सांगितल्यावर ती माझा हात धरेल. तिनं धरला नाही. समोर बघत ती म्हणाली, "मलापण तुझा हेवा वाटतो. रोज वाटतो. तू साहेबाच्या केबिनमध्ये खुर्ची ओढून बसतेस. मी अजून ते 'बस' म्हणायची वाट बघत उभी राहते. तू एक फोन केलास की बेड मिळतो. माझ्याकडं नर्सिंगची डिग्री हाय तरी मला विचारतात, पेशंटची कोण लागतेस." मग म्हणाली, "तू माझ्याशी कट्टी घ्यायची होतीस. भांडायचं होतंस. लताचं त्यात काय होतं?"

मी म्हटलं, मला माफ कर.

"मला नको सांगू. तिला सांग. आणि तो कागद बदल. तो जन्मभर तिच्या नावावर राहील."

कागद मी त्याच दिवशी बदलला. 'ठरलेली भेट माझ्याकडून झाली नाही. कळवलेला आकडा खरा नव्हता.' सरांपुढे उभी राहून सगळं सांगितलं. त्यांनी मला सहा महिने वस्तीतून काढून ऑफिसात बसवलं, आणि ते योग्यच होतं. बाळ तीन आठवड्यांनी घरी गेलं. यमुना दिल्लीला जाऊन आली. तिथे काय बोललीस विचारलं तर म्हणाली, "गल्लीचं सांगितलं. आणि चुकतं कसं तेपण सांगितलं. तुझं नाव नाय घेतलं." ती माझ्याशी पूर्वीसारखीच बोलायची, स्कूटरवर मागे बसायची, आईची गोळी विचारायची. फक्त माझ्यावर सोपवून ती पुन्हा कधी कुठे गेली नाही.

पण लताकडे मी गेले नव्हते. आज जाऊ, उद्या जाऊ करत फेलोशिप संपली. यमुनानं पुण्याची चांगली नोकरी नाकारली आणि तिच्याच भागातल्या एका आरोग्य केंद्रात रुजू झाली. मी तिला बसपर्यंत सोडायला गेले. एक पत्र्याची पेटी, एक पिशवी. खिडकीतून तिनं विचारलं, "लताकडे गेलीस?"

"नाही."

तिनं मान हलवली. बस सुटली. मी स्कूटर काढली आणि तडक सातपूर गाठलं.

लता दारात बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून उठायला लागली. मी बस म्हटलं आणि खाली बसले. निवडायला काही नव्हतं, धरायला काही नव्हतं. मी सरळ सांगितलं की त्या मंगळवारी मी येणार होते, आले नाही, आणि तू ऐकलं नाहीस असं खोटं बोलले. ती ऐकत होती. बाळाचं टोपडं सारखं करत होती.

"मी सुट्टी टाकली व्हती त्या दिवशी," ती म्हणाली. "साडी नेसून, कागदं पिशवीत घालून दारात बसले व्हते. ताई बोलली व्हती, माझी मैतरीण येनार हाय, माझ्याहून हुशार हाय, ती सांगंल तसं कर. अंधार पडंपर्यंत बसले."

मग लता उठून आत गेली आणि बाळाचं लसीचं कार्ड आणून माझ्यापुढे धरलं.

"पुढची सुई कवा हाय, बघा."

"बुधवारी. परवा."

"तुम्ही येनार?"

"येईन."

"किती वाजता?"

मी म्हटलं, साडेसहाला. तिनं ते मनात धरल्यासारखी मान हलवली. विश्वास ठेवला असं दिसलं नाही.

बुधवारी मी सव्वासहालाच तिच्या दारात होते. दार बंद होतं, आत स्टोव्हचा आवाज येत होता. साडेसहाला तिनं कडी काढली, मला पाहिलं आणि बाळ माझ्याकडे दिलं, म्हणजे तिला डबा भरता येईल. सातला आम्ही रांगेत पहिल्या होतो. सुई झाल्यावर बाळ शेजारणीकडे ठेवून ती कामाला निघाली, आणि ते झोपेपर्यंत मी तिथे थांबले.

हे मी यमुनाला कळवलं नाही. दुपारी तिचाच फोन आला, बाळ जास्त रडलं का म्हणून. लतानं तिला सकाळीच सांगितलं होतं. कामावर जाता जाता, माझ्यापासून दहा पावलांवर गेल्या गेल्या तिनं फोन लावला असणार. मी यमुनाला सांगितलं की बाळ थोडं रडलं, मग झोपलं. फोन ठेवला, आणि खरं सांगायचं तर मला पुन्हा तिचा हेवा वाटला.