तुटलेली रेघ तुटलेलीच दिसू दे

"साहेब, मॅडमला करंट लागला! मेन स्विच पाडलाय आमी, तुमी पळत या..." आमच्या डेअरीतले जुने ऑपरेटर भाऊसाहेब यांचा हा फोन आला तेव्हा मी खरेदी विभागात बसून दरपत्रकं चाळत होतो. तसाच पळालो. शैलजाबाई कंट्रोल पॅनलसमोर फरशीवर आडव्या होत्या, चष्मा बाजूला पडला होता आणि भाऊसाहेब त्यांचे तळवे चोळत होते. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, करंट वगैरे काही नाही, हृदय बंद पडलं. अहो, हृदय? सकाळी माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी चाखून "तिखट कमी पडलंय, वहिनींना सांगा" म्हणणाऱ्या बाईचं? इतके आठवडे झाले, मला अजून पटत नाही. रागच येतो, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नाही.

शैलजाबाई मूळच्या सोनईच्या, शिक्षकाच्या घरातल्या. नगरला आल्या आणि आमच्या डेअरीच्या गुणवत्ता विभागात उभं आयुष्य काढलं. मी जामखेडकडचा, तोंडानं फटकळ. त्या बोलायला मऊ, पण हट्टाला माझ्यापेक्षा भारी. प्लांटमध्ये शिरल्या की आधी गरम दुधाच्या पाइपाजवळ हाताची मागची बाजू न्यायच्या, पोराचा ताप बघतात तशी, आणि मगच पडद्यावरचा आकडा वाचायच्या. मी चिडवायचो, "बाई, एवढे महागाचे सेन्सर मी कशाला घेतले मग?" त्या म्हणायच्या, "सेन्सर आकडा सांगतो हो, पण तो आकडा खरा की सेन्सरच गावाला गेलाय, हे आपणच बघायचं."

गेल्या वर्षी चेअरमननी फर्मान काढलं, की प्लांटचं तापमान, दाब, दुधाचा प्रवाह हे सगळं आता नीट सॉफ्टवेअरवर तपासायचं. निवड आम्हा दोघांवर आली. सॉफ्टवेअर विकणारे बरेच लोक येऊन गेले, आपापले गोंडस नमुने दाखवून गेले. बाईंनी कुणाचाच नमुना बघितला नाही. त्यांनी प्रत्येकाला आमच्या एकाच दिवसाच्या नोंदी दिल्या, बैलपोळ्याच्या. त्या दिवशी गावोगावचं दूध उशिरा आलं होतं, त्यात वीज गेली आणि मधला काही वेळ नोंदच झाली नव्हती. पहिल्याच्या रंगीत पडद्यावर रेघ मात्र सलग! बाई पुढं वाकल्या. "हे मधले आकडे कुठून आणले?" तो मुलगा हसून म्हणाला, "मॅडम, सिस्टिम अंदाजानं भरून घेते. ग्राफ चांगला दिसतो."

"अंदाजानं मी चहात साखर घालते. दूध तापवत नाही." आणि माझ्याकडं वळून हळूच, "वरून कीर्तन, आतून तमाशा!"

दुसऱ्याचा पडदा राखाडी, रुक्ष. रेघ जिथं तुटली तिथं त्यानं जागा कोरी सोडली आणि एक चौकट उघडली: कारण लिहा. कुणीतरी स्वतःच्या नावानिशी कारण लिहिल्याशिवाय तो दिवस बंदच होईना. बाई खूश. त्यांनी त्यात आणखी एक प्रश्न घालून घेतला, 'पूर्ववत झाले का? हो / नाही', कारण माणसं कारण लिहितात आणि निघून जातात, पुढं काय झालं ते बघायला कुणी थांबत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला तो प्रोग्रॅम बिलकुल आवडला नव्हता. "तलाठी कार्यालयाच्या भिंतीसारखा दिसतो," मी म्हणालो. "मग भिंतीला काय हळद लावायचीय?" त्या म्हणाल्या. आमचं खूप वाजलं. चेअरमनही माझ्याच बाजूचे, कारण पाहुण्यांना दाखवायला रंगीत पडदा बरा. शेवटी ठरलं, दोन्ही शेजारी शेजारी चालवून बघू आणि मग समितीत निकाल लावू. "तुटलेली रेघ तुटलेलीच दिसू दे, एवढंच माझं मागणं आहे," बाई म्हणाल्या होत्या. निकालाआधीच त्या गेल्या...

परवा समिती बसली. बाईंच्याच खोलीत, कारण दोन्ही पडदे तिथंच होते. त्यांची खुर्ची रिकामी ठेवून आम्ही उभेच राहिलो. चेअरमन म्हणाले, "बाईंच्या भावनेचा आदर आहे, पण रंगीतच घेऊन टाकू." मी मान डोलावणारच होतो. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, शेवटचं एकदा एखादा दिवस दोन्हींवर बघू. मशिन लावायला भाऊसाहेबांना बोलावलं होतं. त्यांनी कुणाला न विचारता बाई गेल्या तो दिवस उघडला.

रंगीत पडद्यावर रेघ सरळ चालली होती. बाई पडल्या, करंट लागला समजून भाऊसाहेबांनी स्विच पाडला, आम्ही त्यांना उचलून पळालो... त्या सगळ्या वेळावरून ती रेघ निळीशार, गुळगुळीत, न अडखळता निघून गेली होती. एवढं मोठं झालं आणि इथं काहीच झालं नव्हतं! भाऊसाहेब पडद्याला बोट लावून म्हणाले, "ह्यात तर मॅडम पडल्याच न्हाईत, साहेब." पॅनल बंद पडलं तेव्हा पाइपात अर्धवट तापलेलं दूध त्या माणसानं तशा गोंधळातही पिशव्यांकडं जाऊ दिलं नव्हतं, पुन्हा तापवायला परत फिरवलं होतं. आणि हा पडदा सांगत होता की सगळं ठीक होतं.

शेजारच्या राखाडी पडद्यावर रेघ तुटलेली होती. मध्ये कोरी जागा, आणि चौकट: कारण लिहा. कित्येक आठवड्यांपासून ती तशीच वाट बघत होती, कुणाचा हातच गेला नव्हता. चेअरमननी चष्मा काढून पुसला. "हाच घ्या," म्हणाले आणि खोलीबाहेर गेले.

मी भाऊसाहेबांना लिहायला सांगितलं. "तुमी लिहा साहेब, माझ्यानं व्हायचं न्हाई." मग मीच टाइप केलं: शैलजाबाई पडल्या. विजेचा धक्का समजून मेन स्विच बंद केला. खाली माझं नाव घातलं. चौकट मिटली आणि बाईंचा प्रश्न उघडला: पूर्ववत झाले का?

बाहेर प्लांट चालू होता, तापमान बरोबर होतं, दूध वाहत होतं. भाऊसाहेब मागून हळूच म्हणाले, "मशिनचं इचारतंय ते, साहेब. 'हो' दाबा."

मशिनचंच विचारत होतं, मला कळतं. पण अजून दाबलेलं नाही.