दातांत धरलेली कड

आमच्या समोरच्या दारातल्या बाईला अख्खी इमारत चेनबाई म्हणते. पॅन्टची, बॅगेची, जॅकेटची, कसलीही बिघडलेली चेन ती बदलून देते. हे नाव मीच ठेवलं. इमारतीतली निम्मी नावं माझीच. माझं काय ठेवलंय ते मात्र मला कुणी सांगत नाही.

तिचा धाकटा भाऊ चाळिशीचा. जन्मापासून हातपाय आखडलेले, बोलता येत नाही, चाकाच्या खुर्चीत बसून. पण कानाने तिखट, आणि समज माझ्यापेक्षा जास्त. डोळे वर नेले की हो, मिटले की नाही. मी त्याला साहेब म्हणायची, कारण सगळी कामं बसूनच.

कामं म्हणजे खरंच कामं बरं का. चेन बदलायची तर आधी जुनी शिवण उसवायची, आणि कापड ताणून धरल्याशिवाय ब्लेडचं पातं सरळ चालत नाही. त्यांच्या आईने एकदा गमतीत पॅन्टची कड त्याच्या दातांत दिली, तर हा पठ्ठ्या सोडेचना. तेव्हापासून वीस वर्षं तेच. एक टोक त्याच्या दातांत, दुसरं तिच्या गुडघ्याखाली, मधे पातं सरसर. "लोकांच्या पॅन्टी चावतोस, लाज नाही वाटत?" मी म्हणायची, आणि खुर्ची हलेस्तोवर तो हसायचा.

गेल्या वर्षी साहेब कड सोडायला लागला. एकदा ऐन वेळी सोडली, पातं सटकलं, गिऱ्हाइकाच्या नव्या पॅन्टला ही एवढी चीर.

"लक्ष कुठंय तुझं?" चेनबाई ओरडली.

मी दारातूनच म्हटलं, "अगं, संपावर गेलाय तो. पगारवाढ हवीय."

त्याने डोळे मिटले. नाही. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. त्याचंही तोंड वासलेलं होतं, म्हणजे तोही हसतोय असं मी धरून चालले.

मग तो घास गालात धरून ठेवायला लागला. चेनबाई म्हणाली, नखरे. मी म्हटलं, आता उपोषण. माझा हा संपाचा विनोद चार महिने चालला. पाचव्या महिन्यात गाल सुजला, तोंडाला वास यायला लागला, आणि तिने बळेच जबडा उघडून बघितला. मागच्या तीन दाढांच्या जागी काळे खड्डे होते.

दाताचा पहिला दवाखाना सतरा पायऱ्यांवर. दोन हमाल करून साहेबाला खुर्चीसकट वर नेला. डॉक्टर तिला म्हणाले, "याला दुखतं का?"

"त्याला विचारा ना. कळतं त्याला सगळं."

डॉक्टर कसनुसं हसले. मान हलते, हत्यार लागेल, इथे जमायचं नाही. दुसऱ्या दवाखान्यात तर खुर्ची दारातच अडकली आणि आतून कुणी उठलंही नाही. शेवटी मोठं इस्पितळ. पूर्ण भूल देऊनच करावं लागेल म्हणाले आणि पाच महिन्यांनंतरची तारीख दिली. तोवर गोळ्या चुरून पेजेत. माणूस निम्मा झाला.

तारखेला मी सोबत होते. डॉक्टरीण वाईट नव्हती, थकलेली होती. "तीन दाढा काढाव्याच लागतील. बाकीचे दात किडलेत, पण वाचवता येतील. त्याला तीन-चार फेऱ्या लागतील. दर वेळी भूल, दर वेळी अशीच लांबची तारीख. सगळे काढले तर आजच मोकळं."

"पुढचे तेवढे ठेवा," चेनबाई म्हणाली. "कामाचे आहेत ते."

"कसलं काम?"

तिने सांगितलं. डॉक्टरणीने संमतीचा कागद पुढे केला. "बाई, मधल्या काळात पू रक्तात उतरला तर हा जगायचा नाही. ठरवा. आत थांबलेत."

चेनबाई त्याच्या खाटेशी वाकली. "सगळे काढू का रे?"

त्याने तिच्याकडे नीट बघितलं आणि डोळे मिटले. घट्ट. उघडायला खूप वेळ लावला, आपण विसरू नये म्हणून.

"बरं," ती म्हणाली. कागद भिंतीला टेकवला आणि सगळे काढायला सही केली.

दोन आठवडे त्याने तिच्याकडे बघितलं नाही. घास तेवढा घ्यायचा, तोही भिंतीकडे तोंड करून. सूज गेली, वास गेला, अंगावर थोडं मांस आलं. मी मोठी शहाणी, टेबलाच्या कडेला बसणारा लोखंडी चिमटा आणून दिला. कापड असा घट्ट धरतो की विचारू नका.

परवा चेनबाईने पॅन्ट चिमट्यात अडकवली आणि साहेबाने तोंड उघडलं. तिने दुर्लक्ष केलं. तो तोंड उघडं ठेवून बसला. लाळ हनुवटीवरून शर्टावर. शेवटी तिने चिमटा सोडवला, कड त्याच्या हिरड्यांत दिली. त्याने सगळा जीव एकवटून दाबली. कापड सुळकन निसटलं. त्याने पुन्हा तोंड उघडलं.

तिने पुन्हा कड दिली आणि या वेळी स्वतःची दोन बोटंही तिथेच, त्याच्या ओठांशी, दाबून धरली. आता पातं चालवायला हात उरला नाही.

"वहिनी, जरा उसवता?"

मी उसवायला बसले. तिसऱ्या टाक्याला माझं पातं सटकलं आणि पॅन्ट टर्रकन फाटली. मी मान वर केली. दोघं माझ्याकडेच बघत होती. संपाचं कुणीच काही म्हणालं नाही.