राजमणीची पकड

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. सांगायला वेळ मिळाला नाही असं नाही — रोज संध्याकाळी चहा घेत आम्ही तासभर बसायचो. दर वेळी मी दुधाचा विषय काढला, नाहीतर भाडेकरूंचा. आता ते गेले. तुम्ही आलाच आहात तर जरा बसा. मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, पण आज यायचं आहे.

सोलापुरात मुलींच्या एका शाळेत मी पी.टी. शिकवायची. सत्तर-बहात्तर सालच्या सुमाराची ही गोष्ट. गळ्यात शिट्टी, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली पोरंसुद्धा सावधान व्हायची. मुली मला घाबरायच्या आणि माझी पाठ फिरली की माझी नक्कल करायच्या. दोरीचा मल्लखांब हे माझं वेड. पटांगणातल्या कडुलिंबाच्या आडव्या फांदीला जाड सुती दोर बांधलेला होता. पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यात दोर धरायचा, वर सरकायचं, वर गेलं की दोराचे वेढे अंगाला घेऊन आसन करायचं. सगळा खेळ अंगठ्याचा. अंगठा सुटला की बाई जमिनीवर, असं मी ओरडून सांगायची.

राजमणीला अंगठे होते, पण त्यांत जीव नव्हता. लहानपणी पोलिओ झाला आणि कमरेखाली दोन्ही पाय काठीसारखे राहिले. घरचे तेलुगू. वडील चादरींच्या मागावर, आई बिडी कारखान्यात. कामावर जाताना आई तिला पाठीवर आणून वर्गात ठेवायची आणि संध्याकाळी घेऊन जायची. मधल्या वेळात ती हातांवर सरकत कुठेही जायची. पी.टी.च्या तासाला सगळ्याजणींच्या चपला सांभाळायचं काम तिच्याकडे. ते मीच दिलं होतं. देताना आपलं मन केवढं मोठं, असंही मला वाटलं होतं. काय म्हणावं या मनाला?

ती चपलांपाशी बसून काय बघत असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. नंतर मात्र पडला, आणि अजून सुटत नाही.

एकदा मधल्या सुट्टीत मी पटांगणात आले, तर पोरगी दोरावर. चांगली माझ्या डोक्याच्या वर. आणि दोन्ही हात मोकळे! वेणी पुढे घेऊन निवांत रिबीन बांधत होती. पाय खाली नुसते झुलत होते. मी शिट्टी तोंडाशी नेली आणि तशीच राहिले. भीती वाटायला हवी होती ना? मला आधी वाटलं ते नवल. पायाने दोर धरलेला नाही, हाताने धरलेला नाही — मग ही वर कशी?

खाली आल्यावर तिनेच सांगितलं. ‘‘घरी आढ्याला दोर हाय की बाई. मला उठाया बांदलाय. फळीवरचं काय काढायचं तर दोनी हात लागत्यात, तवा असं अडकून घ्यायचं.’’

मला राहवलं नाही. संध्याकाळी तिच्या आईबरोबर चालत मी त्यांच्या घरी गेले. पूर्व भागातली एक खोली, भिंतीपलीकडे मागाची खडखड. आढ्याला खरंच दोर होता, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. राजमणी सरसर वर गेली, दोराचं खालचं टोक ओढून कमरेला वेढा घेतला, ते पाठीवरून काखेत आणलं आणि कोपराने बरगडीशी दाबलं. मग अंग सैल सोडलं. अंगाच्याच वजनाने वेढा आवळला गेला. तिने फळीवरून डबा काढला, माझ्यासाठी त्यातली साखर काढली, झाकण लावून परत ठेवला. आई म्हणाली, ‘‘वरचं समदं तीच काढती बाई. माझा हात कुटं पुरतोय!’’

अहो, इतकी वर्षं मी दोरावर वाढले आणि हे मला माहीत नव्हतं. आम्हाला पाय होते, म्हणून कुणाला सुचलंच नसेल? की पाय नसते तर मलाही सुचलं असतं? शाळा सुटल्यावर मी राजमणीसमोर ते करून बघायला लागले. काख सोलून निघाली. ती खालून हसत ओरडायची, ‘‘बाई, धरून बसू नका की! अंग सोडा!’’ आयुष्यभर मी मुलींना घट्ट धरायला शिकवलं, आणि ही मला सोडायला सांगत होती. ते दिवस फार छान गेले. खोटं कशाला सांगू, नोकरीतले सगळ्यांत छान.

पुढे तिने त्यातून आणखी काय काय काढलं. वेढ्यावर आडवी पडायची, हात पसरायची, पीळ भरून गरगर फिरायची. पाय मागून यायचे, जरा उशिराने, आणि ते उशिराने येणंच डोळ्यांत भरायचं. इतर मुलीही तिच्याकडून शिकल्या. सुनंदा नावाची एक चपळ मुलगी होती, तिला सगळ्यांत आधी जमलं. चपला सांभाळायचं काम कधी बंद झालं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

माझ्या लहानपणी आमच्या तालमीत वस्तादांची एक रीत होती. नवी पकड ज्याला सुचली, त्यानेच ती चारचौघांत पहिल्यांदा करायची, आणि मग तिला त्याचं नाव लागायचं. हे मी राजमणीला सांगून बसले. मग काय विचारता! ‘राजमणीची पकड’ असं तिने गल्लीभर सांगितलं. पुण्याहून दोन जाणती माणसं आमचं प्रात्यक्षिक बघायला येणार होती. त्यांना आवडलं तर मुलींना पुण्यात बोलावणार होती. राजमणी पहिली चढणार, असं ठरलं. तिच्या आईने त्या दिवशी कामाला दांडी मारायचं ठरवलं आणि लेकीला पांढरी सुरवार शिवली.

आता मुद्द्यावर येते.

त्या सकाळी मी राजमणीला बाजूला घेतलं आणि म्हणाले, दोर वर फांदीला घासून त्याचा एक पेड तुटलाय. खालून दिसत नाही. आज वर कुणीच चढणार नाही, खालच्या खाली दोन-चार प्रकार करू. तू आईजवळ बस. — तिने वर बघितलं. मग मान हलवली. केसांत अबोलीचा गजरा होता. मला म्हणाली, ‘‘बरं झालं बाई, तुमी बगितलं.’’

मला हे कुणी करायला सांगितलं नव्हतं. मोठ्या बाई तर तिचंच कौतुक करत होत्या. मग का केलं? मी हे पुष्कळदा उलटून-पालटून बघितलंय, एखाद्या अनोळखी बाईचं वागणं बघावं तसं. पाहुण्यांना ते पाय दिसतील, ते हळहळतील, आणि हळहळण्यात माझं शिकवणं कुणाला दिसणार नाही — हे एक होतं. दुसरं त्याहून साधं. ती पकड मला माझी हवी होती.

प्रात्यक्षिक सुरू झालं. लेझीम झाली, मनोरे झाले. मग मी सुनंदाला खूण केली आणि ती दोरावर चढली. फांदीपर्यंत गेली, कमरेला वेढा घेतला, टोक काखेत धरलं. सगळं पटांगण शांत झालं. आणि त्या शांततेत मागून राजमणीचा आवाज आला, ‘‘सुनंदा, उतर! पेड तुटलाय!’’

मी तुम्हाला विचारते — तुम्ही तिच्या जागी असतात तर काय समजला असतात? बाईंनी फसवलं, हेच ना? तिच्या ते डोक्यातच आलं नाही. तिला वाटलं, सुनंदाला कुणी सांगितलंच नाही. ती हातांवर सरकत निघाली, बसलेल्या लोकांमधून, पाहुण्यांच्या पायांजवळून, थेट दोराखाली आली. पांढऱ्या सुरवारीला माती लागली. गादी तिथे होतीच, पण तिला ती पुरेशी वाटली नसावी. गादीवर बसून तिने दोन्ही हात वर केले. सुनंदाला झेलायला. माझ्याकडे बघून ओरडली, ‘‘बाई, उतरवा की तिला! पडंल ती!’’

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, जळते बिचारी.

पाहुण्यांपैकी एकांनी मला विचारलं, ही मुलगी कोण? तिची बाजू घ्यायला एकच वाक्य माझ्या हातात होतं. मी म्हणाले, ‘‘आमच्याकडे बसायला येते. डोक्यानं जरा कमी आहे.’’

राजमणी तिथेच होती. तिने ऐकलं. वर केलेले हात तिने खाली घेतले नाहीत, सुनंदा धड उतरेपर्यंत तसेच ठेवले. मग आई आली, सगळ्यांदेखत तिच्या पाठीत धपाटा घातला, पाहुण्यांची माफी मागितली आणि तिला पाठीवर घेऊन गेली. जाताना राजमणीने मान वळवून दोराकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला तेव्हा कळलं असेल का? बहुतेक कळलं असेल. हुशार होती ती.

पाहुण्यांनी विचारलं, बाई, ही पकड तुम्हीच बसवलीत? मी हो म्हणाले. नाव विचारलं. मी म्हणाले, ‘पाळणा’. मुली पुण्याला जाऊन आल्या.

राजमणी त्यानंतर शाळेत आली नाही. मोठ्या बाईंनी मला चौकशी करायला सांगितलं. मी घर माहीत असूनही गेले नाही, आणि जाऊन आले असं सांगितलं. आई बिड्या वळायला घरीच पानं आणते, मुलगी मदतीला बसते, असं पुढे कुणाकडून तरी कळलं. तिचं त्यापुढचं मला काही माहीत नाही.

गेल्या वर्षी कुर्डुवाडीला भाच्याकडे गेले होते. तिथल्या शाळेच्या कार्यक्रमात एका लहान मुलीने ‘पाळणा’ केला. भाच्याने उत्साहाने सगळ्यांना सांगितलं, ही आमच्या आत्याची पकड. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून नमस्कार केला.

ती राजमणीची पकड आहे. ती डोक्याने कमी नव्हती. आणि दोर चांगला होता — आदल्या संध्याकाळी मी स्वतः त्याला लोंबकळून बघितलं होतं.